दात पिवळे, पण दोष मंजनाचा नाही

काही माणसे हसताना तोंडावर हात धरतात. फोटो काढताना ओठ घट्ट मिटून घेतात. त्यांचे दात किडलेले नसतात, हलत नसतात, हिरड्याही निरोगी असतात. मात्र दातांचा रंग पिवळट, करडा किंवा तपकिरी असतो आणि पुष्कळदा त्यावर आडवे पट्टे दिसतात. अशा माणसाला लहानपणापासून एकच प्रश्न ऐकावा लागतो, ‘दात घासत नाही का?’ तो बिचारा दिवसातून दोनदा, कधी तीनदा घासतो. मंजन बदलतो, ब्रश बदलतो, कोणी सांगितले म्हणून कोळसा लावतो, कोणी सांगितले म्हणून लिंबू चोळतो. रंग काही हलत नाही. मुलगी असेल तर लग्नाच्या बैठकीत या दातांचा विषय हमखास निघतो, आणि घरची माणसेही तिलाच बोल लावतात.

या दातांपैकी काहींचा रंग हा अस्वच्छतेचा नसून लहानपणी घेतलेल्या औषधाचा असतो. टेट्रासायक्लिन या गटातील अँटिबायोटिक, म्हणजे प्रतिजैविक, औषधे दात तयार होण्याच्या वयात पोटात गेली तर दाताला आतून रंग चढतो. आज तिशी ओलांडलेल्या वाचकांत असे दात असलेले अनेक जण आढळतील. हा रंग कसा चढतो, तो घालवता येतो का, त्यासाठी काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, याची माहिती या लेखात घेऊ.

डाग बाहेरचा की आतला?

दातांच्या रंगाचा विचार करताना पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे. समुद्रपूर-हिंगणघाट हा आपला कापसाचा मुलूख. तेव्हा कापडाचेच उदाहरण घेऊ. पांढऱ्या कापडावर चहा सांडला तर तो डाग धुऊन निघतो. पण सूतच रंगवून त्याचे कापड विणले असेल तर ते कितीही आपटले, घासले तरी पांढरे होत नाही. उलट कापड मात्र फाटते. दातांचेही नेमके असेच आहे.

बाहेरचे डाग म्हणजे दाताच्या पृष्ठभागावर बसलेले डाग. आपल्या विदर्भात यात पहिला मान खऱ्र्याचा आहे. खर्रा, तंबाखू, पान, बिडी आणि चहा यांचे थर दातांवर बसतात. लोहाचे पातळ टॉनिक घेणाऱ्या मुलांचे दात काळसर पडतात. हिरड्यांच्या आजारासाठी दिले जाणारे क्लोरहेक्सिडिनचे चूळ भरण्याचे औषध फार दिवस वापरले तर दात तपकिरी दिसू लागतात. हे सारे डाग दंतवैद्याने दात साफ करून दिले की निघतात. अर्थात खर्रा चालूच ठेवला तर पुन्हा बसतात.

आतला डाग वेगळा. दाताचे सर्वांत बाहेरचे कवच म्हणजे इनॅमल. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तोच. तो थोडासा पारदर्शक असतो. त्याच्या आत डेंटिन नावाचा मुख्य भाग असतो. डेंटिनचा रंग इनॅमलमधून बाहेर दिसतो. म्हणून डेंटिन रंगले की काचेच्या आड पिवळा पडदा लावावा तसा सगळा दात पिवळा दिसतो. काच कितीही पुसली तरी पडद्याचा रंग बदलणार कसा?

औषध दातात पोहोचते कसे?

टेट्रासायक्लिन गटातील पहिले औषध ऑरिओमायसिन. ते १९४८ साली जगापुढे आले. अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत बेंजामिन डगर यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ते शोधून काढले. त्या वेळी तेथील संशोधनाची धुरा आपल्या आंध्रातील भीमवरमचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. पाठोपाठ १९५० साली टेरामायसिन आले आणि पुढे टेट्रासायक्लिन. एकाच औषधाने न्यूमोनिया, कॉलरा, टायफस, गुप्तरोग असे नाना प्रकारचे जंतुदोष बरे होऊ लागले. औषध स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते. साहजिकच मुलांनाही ते मुक्तहस्ते दिले गेले. ज्या काळात साध्या न्यूमोनियाने मूल दगावत असे, त्या काळात या औषधाने असंख्य जीव वाचवले हे विसरता कामा नये.

पण या औषधाचा एक गुणधर्म आहे. ते कॅल्शियमला चिकटते. म्हणूनच या गोळ्या दुधाबरोबर घेऊ नका असे सांगतात. दुधातील कॅल्शियमशी औषध बांधले जाते आणि रक्तात कमी उतरते. हाडे आणि दात तयार होत असतात तेथे कॅल्शियम भराभर साठवले जात असते. रक्तातून फिरणारे औषध तेथे कॅल्शियमला चिकटते आणि त्याच्याबरोबर दातात कायमचे कोंडले जाते. हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने बनत असते, त्यामुळे हाडातील औषध हळूहळू निघून जाते. दात मात्र एकदा बनला की बनला. त्यात कोंडलेले औषध तेथेच राहते.

असा दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा तो लख्ख पिवळा असतो. मग त्यावर उजेड पडू लागतो. उन्हाने आतल्या औषधाचा रंग बदलतो आणि काही वर्षांत पिवळ्याचा करडा किंवा तपकिरी होतो. यामुळेच समोरचे दात काळपट आणि गालाआडच्या दाढा मात्र अजून पिवळ्या, असे दृश्य दिसते. उजेड ओठांपर्यंत पोहोचतो, दाढांपर्यंत फारसा पोहोचत नाही.

१९५६ साली हा प्रकार प्रथम वैद्यकीय लेखनात नोंदवला गेला. १९६३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्याबाबत इशारा दिला. आपल्याकडेही टेट्रासायक्लिनची पातळ तोंडी औषधे केंद्र सरकारच्या बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहेत. हेतू उघड आहे. पातळ औषध मुलांनाच पाजले जाते. परंतु बंदी येण्यापूर्वी ज्यांनी ते घेतले, आणि नंतरही ज्यांना कॅप्सूल फोडून मधातून चाटवली गेली, त्यांचे दात आज साक्ष देत आहेत.

धोक्याचे वय कोणते?

दुधाचे दात आईच्या पोटात, गर्भारपणाच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास कठीण होऊ लागतात आणि मूल साधारण वर्षाचे होईपर्यंत त्यांचे काम चालते. म्हणजे गर्भवती आईने घेतलेल्या औषधाने बाळाचे दुधाचे दात रंगू शकतात. पक्क्या दातांचे काम जन्माच्या सुमारास सुरू होते. समोरच्या वरच्या दोन मोठ्या दातांचे टोक मूल तीन-चार महिन्यांचे असताना बनू लागते आणि दिसणारा भाग चार-पाच वर्षांपर्यंत पुरा होतो. सुळ्यांना सहा-सात वर्षे लागतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना टेट्रासायक्लिन देऊ नये, असा नियम पडला आहे.

झाडाच्या खोडातील वर्तुळांवरून त्याचे वय सांगता येते. तसेच दातावरील पट्ट्यावरून मूल कोणत्या वयात आजारी होते याचा अंदाज बांधता येतो. पट्टा समोरच्या दाताच्या टोकाजवळ असेल तर औषध पहिल्या वर्षाच्या आसपास पोटात गेले. हिरडीजवळ असेल तर ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी. दोन-तीन पट्टे असतील तर दोन-तीन वेळा औषधाचा कोर्स झाला असावा. औषध किती दिले, किती दिवस दिले आणि कितीदा दिले यावर रंगाचा गडदपणा ठरतो. एखाददुसऱ्या मात्रेने गडद पट्टे येत नाहीत. वारंवार आणि लांबलेल्या कोर्सनी येतात.

मोठ्या माणसाचे दात पूर्ण बनलेले असल्याने त्याला सामान्य टेट्रासायक्लिनने हा त्रास होत नाही. याला एक अपवाद आहे. तारुण्यपीटिकांसाठी महिनोन्महिने दिल्या जाणाऱ्या मिनोसायक्लिनमुळे मोठेपणीही काहींचे दात करडे-निळसर पडतात. हे औषध चालू असताना रंगात फरक जाणवला तर डॉक्टरांच्या कानावर घालावे.

औषध की पाणी?

पिवळ्या दातांचा प्रत्येक रुग्ण औषधाचाच असतो असे नाही. आपल्या भागात दुसरे एक मोठे कारण आहे, ते म्हणजे पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड. शेजारच्या चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. एका लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी पिण्यास योग्य मानले जात नाही. असे पाणी बालपणी वर्षानुवर्षे पिण्यात आले तर दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके व रेघा उठतात, पुढे ते तपकिरी होतात आणि प्रमाण फार असेल तर दातांना खड्डेही पडतात.

दोन्हींतील फरक घरच्या घरी काहीसा ओळखता येतो. फ्लोराइडचा त्रास एकट्याला होत नाही. भाऊ-बहीण, शेजारची मुले, शाळेतील वर्गमित्र अशा अनेकांचे दात तसेच दिसतात, कारण सर्वांची बोअरवेल एकच. औषधाचा डाग मात्र घरातील एकाच मुलाला असतो. तेच मूल लहानपणी वारंवार आजारी पडलेले असते. फ्लोराइडमध्ये खडूसारखा निस्तेज पांढरेपणा दिसतो. औषधाच्या डागात दात चमकदार असतो, फक्त रंग आतून पिवळा किंवा करडा दिसतो. एकच दात काळा पडला असेल तर ही दोन्ही कारणे नव्हेत. तो दात केव्हा तरी मार लागून आतून मेलेला असण्याची शक्यता असते आणि त्याचे उपचार निराळे आहेत.

दंतवैद्याकडे आणखी एक सोपी परीक्षा आहे. अतिनील किरणांच्या दिव्याखाली टेट्रासायक्लिन असलेले दात पिवळे चमकतात. आईला किंवा आजीला विचारणे ही देखील एक चांगली परीक्षा आहे. ‘लहानपणी निमोनियाने दवाखान्यात होता, रंगीत कॅप्सूल देत होते’ एवढी आठवण पुष्कळदा पुरेशी ठरते.

घरगुती उपायांचा मोह

या दातांपायी सर्वांत मोठे नुकसान मूळ औषधाने होत नाही. ते पुढच्या उपायांनी होते. डाग जात नाही म्हणून माणूस अधिक जोराने घासतो. विटेची भुकटी, राख, कोळसा, जाडे मीठ, खाण्याचा सोडा असे खरखरीत पदार्थ लावतो. लिंबू व चिंच चोळतो. लिंबाच्या आम्लाने इनॅमलमधील कॅल्शियम विरघळते. सुरुवातीला दात जरा उजळल्यासारखा वाटतो, पण ते इनॅमल झिजल्याचे लक्षण असते. इनॅमल पातळ झाले की आतले रंगलेले डेंटिन अधिकच दिसू लागते. म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला त्याच्या उलट फळ मिळते. शिवाय थंड, गरम, आंबट काही खाल्ले की दात ठणकतात.

जत्रेत किंवा बाजारात रस्त्याकडेला बसून ‘पाच मिनिटांत दात मोत्यासारखे’ करून देणारे असतात. त्यांच्या बाटलीत पुष्कळदा तीव्र आम्ल असते. कापूस बुडवून दातावर फिरवले की दात क्षणात पांढरा होतो आणि गिऱ्हाईक खूश होते. दोन-तीन महिन्यांत दात खरखरीत, ठिसूळ आणि पूर्वीपेक्षा मळकट होतो. गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच संपलेल्या असतात. अशा बाटलीपासून दूर राहावे.

मशेरी आणि गुल लावून दात स्वच्छ होतात हाही भ्रम आहे. त्यात तंबाखू असते. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली, ती उगाच नाही. टूथपेस्टच्या जाहिरातीतील ‘शुभ्र’ हा शब्दही नीट समजून घ्यावा. अशी पेस्ट बाहेरचे डाग घासून काढते. आतल्या डागावर तिचा उपयोग नाही.

मग उपाय काय?

उपाय आहेत. आतला रंग घासून जात नसला तरी रासायनिक क्रियेने फिका करता येतो किंवा वरून झाकता येतो. मात्र दंतवैद्याच्या देखरेखीखाली, आणि सबुरीने.

प्रथम दंतवैद्य दात साफ करून बाहेरचा थर काढतात, किडलेले दात भरतात व हिरड्यांचा आजार असल्यास बरा करतात. एवढ्यानेही काहींना बराच फरक वाटतो. त्यानंतर खरा रंग किती गडद आहे ते पाहिले जाते. ढोबळमानाने याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फिकट पिवळा किंवा करडा रंग सगळीकडे सारखा असतो, पट्टे नसतात. दुसरीत तोच रंग अधिक गडद असतो. तिसरीत गडद करडा किंवा निळसर रंग आणि स्पष्ट पट्टे असतात. चौथीत रंग इतका गडद असतो की फिका करण्याच्या उपचाराचा फारसा उपयोग होत नाही.

पहिल्या दोन पायऱ्यांसाठी ब्लीचिंग हा उपचार चांगला. यात पेरॉक्साइड जातीचे औषध वापरतात. ते इनॅमलमधून झिरपून डेंटिनपर्यंत पोहोचते आणि रंगाच्या मोठ्या कणांचे तुकडे करते. तुकडे लहान झाले की रंग फिका दिसतो. दाताला न घासता, न कोरता हे होते. ब्लीचिंग दवाखान्यात खुर्चीवर बसवून तीव्र औषधाने करतात, किंवा घरी सौम्य औषधाने. औषधाने रंगलेल्या दातांसाठी घरची पद्धत अधिक उपयोगी ठरली आहे. दंतवैद्य दातांचे माप घेऊन पातळ प्लॅस्टिकची साच्यासारखी पट्टी तयार करतात. तिच्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा थेंबभर जेल घालून ती रात्री झोपताना दातांवर बसवायची आणि सकाळी काढून दात धुवायचे. अमेरिकेतील हेवूड आणि हायमन या दंतवैद्यांनी १९८९ साली ही पद्धत मांडली.

सर्वसाधारण पिवळे दात या पद्धतीने दोन ते सहा आठवड्यांत उजळतात. टेट्रासायक्लिनच्या दातांना मात्र दोन ते सहा महिने लागतात, काहींना त्याहून अधिक. १९९७ साली हेवूड व सहकाऱ्यांनी सहा महिने रोज रात्री असा उपचार केलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दात लक्षणीय उजळल्याचे दाखवले. पण सहा महिने म्हणजे सहा महिने. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून दिले तर पैसेही जातात आणि उमेदही.

अपेक्षाही बेताची ठेवावी. दाताचा टोकाकडचा भाग लवकर उजळतो, हिरडीजवळचा भाग हट्टी असतो. पिवळा-तपकिरी रंग बराच जातो; निळसर-करडा कमी जातो. पट्टे फिके होतात, पण पूर्ण पुसले जातीलच असे नाही. काही वर्षांनी थोडा रंग परत येऊ शकतो आणि थोडे दिवस उपचार पुन्हा करावा लागतो. उपचार चालू असताना दात शिवशिवतात. एक-दोन रात्री विश्रांती दिली की ते थांबते. पूर्वी भरलेले सिमेंट किंवा बसवलेल्या टोप्या यांचा रंग ब्लीचिंगने बदलत नाही, हेही आधी समजून घ्यावे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा उपचार पुढे ढकलावा. अठरा वर्षांखालील मुलांमुलींनी घाई करू नये.

रंग फारच गडद असेल तर दात झाकण्याचा मार्ग उरतो. समोरच्या दातांवर दातासारख्याच रंगाचे कॉम्पोझिट सिमेंट लावतात. हा तुलनेने कमी खर्चाचा उपाय आहे, पण सिमेंटलाही चहा-खऱ्र्याचे डाग पडतात आणि काही वर्षांनी ते बदलावे लागते. दुसरा उपाय म्हणजे चिनी मातीचा नखाएवढा पातळ पापुद्रा दातावर चिकटवणे. याला व्हिनियर म्हणतात. तो दिसायला सुरेख व टिकाऊ असतो, परंतु त्यासाठी साधारण अर्धा मिलिमीटर दात घासावा लागतो आणि घासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. दात फार काळा असेल तर पापुद्र्यातूनही तो डोकावतो; म्हणून आधी ब्लीचिंग, मग दोनेक आठवडे थांबून व्हिनियर, असा क्रम ठेवतात. पूर्ण टोपी बसवण्यासाठी त्याहूनही अधिक दात कापावा लागतो. धडधाकट दात केवळ रंगासाठी कापून घेण्यापूर्वी दुसऱ्या दंतवैद्याचाही सल्ला घ्यावा.

समुद्रपूर तालुक्यातील वाचकांना या तपासणीसाठी मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही. वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय आहे आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना जुने कागद असतील तर न्यावेत आणि तीन प्रश्न आवर्जून विचारावेत. माझा डाग बाहेरचा आहे की आतला? तो कोणत्या पायरीचा आहे? दात न कापता किती फरक पडेल? या तीन उत्तरांनंतरच खर्चाची बोलणी करावी.

आजच्या आईवडिलांसाठी

ज्यांचे दात रंगले त्यांचे झाले ते झाले. पुढच्या पिढीचे दात वाचवणे मात्र आपल्या हाती आहे. मुलाला ताप आला की मेडिकलमधून परस्पर कॅप्सूल आणू नये. मोठ्यासाठी आणलेली, कपाटात उरलेली कॅप्सूल फोडून मुलाला अर्धी देऊ नये. टेट्रासायक्लिनबाबत तर हे दुप्पट खरे आहे. मुदत संपलेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. दिवस गेलेल्या स्त्रीने कोणत्याही आजारासाठी डॉक्टरकडे गेल्यावर प्रथम आपण गर्भवती आहोत हे सांगावे. गोठ्यातील जनावरासाठी आणलेले ऑक्सिटेट्रासायक्लिन माणसाने वापरू नये, हे सांगण्याची गरज पडू नये. पण सांगून ठेवलेले बरे.

आणि आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वरील सर्व वाचून कोणी असा निष्कर्ष काढू नये की या गटातील औषध मुलाला मरणाच्या दारातही देऊ नये. पावसाळा सरताना आपल्याकडे स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. गवतात, झुडपांत, बांधावर राहणाऱ्या अतिसूक्ष्म किड्याची अळी चावून तो होतो. चावल्याच्या जागी कधीकधी सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपला दिसतो. २०१८ साली नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत या तापाचे पुष्कळ रुग्ण आढळले आणि त्यात मृत्यूही झाले. या तापावरचे प्रमुख औषध डॉक्सिसायक्लिन आहे आणि ते टेट्रासायक्लिनचेच भावंड आहे.

मात्र हे भावंड स्वभावाने सौम्य आहे. ते कॅल्शियमला कमी चिकटते. अमेरिकेत आठ वर्षांच्या आत डॉक्सिसायक्लिन घेतलेल्या ५८ मुलांचे दात ते न घेतलेल्या २१३ मुलांच्या दातांशी ताडून पाहण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या ५८ मुलांपैकी एकाच्याही दातांवर टेट्रासायक्लिनसारखा डाग आढळला नाही. त्यानंतर २०१८ पासून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २१ दिवसांपर्यंतचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स कोणत्याही वयात देण्यास हरकत नाही अशी भूमिका घेतली आहे. गर्भवती स्त्रियांसाठी अॅझिथ्रोमायसिनचा पर्यायही डॉक्टरांकडे असतो.

तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात मूल चार-पाच दिवस तापाने फणफणत असेल, शेतात किंवा गवतात खेळले असेल, तर त्याला समुद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयात, हिंगणघाटला किंवा सेवाग्रामला न्यावे. काख, जांघ, कानामागची जागा, पोटाच्या घड्या तपासून काळा खपला दिसतो का ते पाहावे आणि डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी डॉक्सिसायक्लिन लिहून दिले तर ‘दात पिवळे होतील’ या भीतीने ते बंद करू नये किंवा अर्ध्यावर सोडू नये. शंका असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावी. ती विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु औषध थांबवण्याचा निर्णय मनाने घेऊ नये.

लक्षात ठेवा

दात पिवळे म्हणजे माणूस अस्वच्छ, असे नव्हे. बाहेरचा डाग साफ करून जातो, आतला घासून जात नाही. राख, कोळसा, लिंबू आणि बाजारातील आम्लाची बाटली यांनी दात कायमचा बिघडतो. औषधाने रंगलेला दात दंतवैद्याच्या सल्ल्याने उजळता येतो, पण त्याला महिने लागतात. रंगलेला दात हा किडलेला दात नव्हे. त्याने चावता येते, तो टिकतो, आणि उपचार न करण्याचे ठरवले तरी आरोग्याला काही धोका नसतो. आणि घरात असे दात असलेले कोणी असेल तर त्याला पुन्हा एकदा ‘दात घास’ म्हणण्याआधी त्याच्या आईला विचारावे की तो लहानपणी किती आजारी होता. कदाचित त्याच औषधाने त्याचा जीव वाचला असेल.